टर्बो इंजिनाचे घरगुती ट्यूनिंग आणि स्पार्क प्लग : एक अंक ‘थंड’ प्लग खरोखर हवा का?

शेंद्र्याचा_घोडा

माझ्याकडे २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली, १.८ लिटरचे वीस वाल्वचे टर्बो पेट्रोल इंजिन असलेली, मूळ १५० पीएस आणि २१० न्यूटन मीटर ताकदीची ही गाडी आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिची रीतसर पुनर्नोंदणी केली आहे आणि घरच्यांचा विरोध पत्करून ती मी सांभाळतो आहे.

गेल्या दिवाळीनंतर पुण्यातील एका ट्यूनरकडून ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) रीमॅपिंग, म्हणजे त्यातील आकड्यांत बदल, करून घेतले. पूर्वी सुमारे अर्धा बार असणारे बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आता ०.९ बारपर्यंत जाते. ‘गाडी आता १९० च्या आसपास आहे’ असे ट्यूनर म्हणतात, परंतु डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद माझ्या हाती नाही, त्यामुळे तो आकडा मी छातीठोकपणे सांगणार नाही. रीमॅपनंतर दोन महिने सर्व काही उत्तम होते. मग जुने प्लग झिजले असतील असे समजून मी बाजारातून इरिडियमचे चार नवे प्लग आणले आणि स्वतःच बसवले. तेव्हापासून खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ३,५०० फेऱ्यांच्या पुढे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, की गाडी उचक्या देते. हळू चालवली तर शहाण्या मुलासारखी चालते.

ट्यूनरांना विचारले असता ‘बूस्ट वाढवल्यावर एक अंक थंड प्लग लावावाच लागतो, सहाऐवजी सात नंबर घ्या’ असे उत्तर मिळाले. माझा प्रश्न असा, की उचक्या आणि प्लगचा थंडपणा यांचा खरोखर संबंध आहे का? आणि सात नंबर लावल्यास हिंजवडीच्या रोजच्या रहदारीत काय होईल?

टवाळ_टॅपेट

गाडीला उचकी लागली आहे म्हणजे कोणीतरी तिची आठवण काढत असणार. माझा संशय विमा कंपनीवर आहे.

खडूस_कारागीर

प्लग बसवण्यापूर्वी गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, मोजला होता का? या एका प्रश्नाचे उत्तर आल्याशिवाय मी पुढे काहीही लिहिणार नाही. नाशिकला माझे गॅरेज आहे. ‘नवे प्लग टाकल्यावर गाडी मिसिंग करायला लागली’ असे सांगत येणारे गिऱ्हाईक मला महिन्यातून एकदा तरी भेटते.

उष्णतेचा_हिशेब

कारागीर साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत ‘थंड’ आणि ‘गरम’ या शब्दांचा घोळ मिटवू, कारण निम्मे गैरसमज या नावांमुळेच होतात.

प्लगच्या टोकाशी जी पांढरी चिनी मातीची नळी दिसते, ती ज्वलनातील उष्णता शोषते आणि प्लगच्या धातूच्या कवचातून सिलिंडर हेडकडे सोडते. नळीचे उघडे नाक लांब असेल तर उष्णतेला लांबचा प्रवास करावा लागतो, टोक तापलेले राहते आणि तो ‘गरम’ प्लग ठरतो. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते आणि तो ‘थंड’ प्लग ठरतो. ठिणगी दोन्हींची सारखीच असते. थंड प्लग लावल्याने ताकद वाढते, हा समज त्यामुळे निराधार आहे.

टोकाचे तापमान साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या वर असले, तर त्यावर बसणारी काजळी आपोआप जळून जाते. ते ८५० च्या पुढे गेले, तर ते तापलेले टोकच ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवू लागते. या दोन मर्यादांमध्ये टोक ठेवणे, एवढेच उष्णता-क्रमांकाचे काम आहे. क्रमांक एकाने बदलला तर टोकाच्या तापमानात ७० ते १०० अंशांचा फरक पडतो, आणि मूळ ताकदीत ७५ ते १०० अश्वशक्तींची भर पडली तर एक क्रमांक थंड जावे, असा एनजीके कंपनीने सांगितलेला ढोबळ ठोकताळा आहे. तुमची भर ट्यूनरांच्याच म्हणण्यानुसार चाळीसची आहे. या हिशेबाने सहा नंबर पुरेसा आहे.

आता मूळ प्रश्न. प्लग प्रमाणापेक्षा गरम असता तर खडखडाट (मिश्रण झटक्याने पेटल्याचा ठोक्यांचा आवाज), अवेळी ज्वलन आणि फार झाले तर पिस्टनला भोक, ही लक्षणे दिसली असती. उचकी म्हणजे ठिणगी न पडणे किंवा पडून विझणे. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि ट्यूनरांनी एकाचे औषध दुसऱ्यावर सुचवले आहे, असे माझे मत आहे.

आकड्यांनी_गंडलेला

वरील प्रतिसादाला पुरवणी म्हणून माझी फजिती सांगतो. एनजीके आणि डेन्सो यांच्या क्रमांकांत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉशमध्ये नेमके उलट, तिथे आकडा लहान म्हणजे थंड. मला हे ठाऊक नव्हते. एनजीकेच्या सवयीने मी बॉशचा मोठा आकडा मागितला आणि थंड घ्यायला जाऊन गरम प्लग घेऊन आलो. सुदैवाने माझ्या एका ज्येष्ठ मित्राने डबी पाहिली आणि बसवण्यापूर्वीच मला थांबवले.

डेन्सोचे आकडेही एनजीकेशी थेट जुळत नाहीत. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा साधारण २०, ७ म्हणजे २२ आणि ८ म्हणजे २४. दुकानदाराला ‘एक नंबर वरचा द्या’ असे कधीही सांगू नये, पूर्ण क्रमांक कागदावर लिहून न्यावा.

श्टुटगार्टचा_सदाशिवपेठी

उष्णतेचा_हिशेब यांच्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. मी इकडे याच १.८ टर्बो इंजिनाची जुनी गोल्फ बाळगतो आणि तिच्यात सात नंबरच वापरतो. अश्वशक्तीचा ठोकताळा अर्धेच सत्य सांगतो, कारण टोक किती तापेल हे कमाल ताकदीइतकेच ती ताकद किती वेळ सलग मागितली जाते यावरही अवलंबून असते. वेगमर्यादा नसलेल्या ऑटोबानवर मी कधी कधी दहा-दहा मिनिटे जवळपास पूर्ण भारावर असतो. घाटात तुम्ही आठ सेकंद दाबता आणि पुढे ट्रक आला की सोडता. चाळीसच अश्वशक्ती वाढली असली तरी माझ्या वापरात सहा नंबरचे टोक भाजून पांढरे पडलेले मी पाहिले आहे.

तेव्हा ‘सहा पुरेसा’ असे सरसकट म्हणू नये. ‘पुण्यात पुरेसा’ म्हणावे.

उष्णतेचा_हिशेब

मान्य. माझ्या वाक्यात ‘पुण्यात’ हा शब्द वाढवून वाचावा. तसेही पुण्याबाहेर काही जग असते, हे सदाशिवपेठेने मान्य केले, ही या चर्चेची मोठीच कमाई म्हणायची.

शेंद्र्याचा_घोडा

कारागीर साहेब, कबूल करतो की गॅप मोजला नव्हता. डबीवर ‘आधीच जुळवलेला’ अशा अर्थाची ओळ होती, तिच्यावर विसंबलो. आज इंजिन थंड असताना प्लग काढले आणि तारेच्या गेजने मोजले. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्लगचा गॅप १.१ मि.मी. आहे आणि तिसऱ्याचा त्याहूनही किंचित जास्त आहे. गाडीच्या पुस्तिकेनुसार मूळ प्लगचा गॅप ०.८ आहे. चिनी मातीचा रंग तिघांचा फिकट तपकिरी आहे, तर तिसऱ्याचा कोरडा काळा आहे.

खडूस_कारागीर

सापडला चोर, निदान एक तरी. डबीवरची ओळ खोटी नसते, फक्त ती तुमच्या गाडीबद्दल नसते. एकच प्लग पंधरा वेगवेगळ्या गाड्यांना बसतो, त्यांतील बऱ्याच गाड्या बिनटर्बोच्या असतात आणि त्यांना १.१ चालतो.

कारण असे आहे. दाबाखालची हवा विजेला अधिक विरोध करते. ठिणगी पडायला लागणारा व्होल्टेज हा गॅप आणि त्या क्षणीचा सिलिंडरमधील दाब या दोहोंबरोबर वाढतो. तुम्ही बूस्ट जवळजवळ दुप्पट केले आणि त्याच वेळी गॅपही तीन दशांशांनी वाढवला. हळू चालवताना ठिणगीचा व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलला ते झेपते. घाटात पूर्ण भारावर दाब शिखराला जातो तेव्हा कॉइलचा जोर संपतो, किंवा वीज सोपा रस्ता शोधते आणि रबराच्या टोपीतून बाजूने हेडला पळते. या इंजिनावर मी ०.७ ठेवतो. त्याहून कमी करण्याची घाई नको, कारण गॅप फार कमी झाला तर ठिणगी लहान पडते आणि निष्क्रिय फेऱ्यांवर गाडी थरथरते.

इरिडियमचा गॅप बदलताना एक पथ्य पाळा. मधला काटा केसासारखा बारीक असतो आणि ठिसूळ असतो. नाण्याच्या आकाराचे जे गेज मिळते, ते मधल्या काट्यावर टेकवून रेटले तर टोक तुटते. बाहेरची वाकडी पट्टी तेवढी हलक्या हाताने वाकवावी आणि तारेच्या गेजने मोजावे. काचकागदाने इरिडियम घासणाऱ्याला मी गॅरेजात चहा देत नाही.

नवखा_नितळ

माझा प्रश्न कदाचित बालिश असेल. माझ्याकडे १.६ लिटरची टर्बो डिझेल गाडी आहे आणि सकाळी ती थोडी अडखळते. मी कोणत्या नंबरचे स्पार्क प्लग घ्यावेत?

टवाळ_टॅपेट

तुम्ही आधी बॉनेट उघडून ते शोधा. सापडले तर आम्हालाही कळवा, आपण मिळून पेटंट घेऊ.

खडूस_कारागीर

नितळराव, टवाळांकडे लक्ष देऊ नका. डिझेलमध्ये ठिणगी नसते, हवा दाबूनच इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. तुमच्या गाडीत ग्लो प्लग असतात, ते फक्त थंड सकाळी मदत करतात. चारही ग्लो प्लगचा रोध मल्टिमीटरने तपासून घ्या, एखादा गेलेला असेल.

इंधनी_विचार

सर्वजण प्लगभोवती फिरत आहेत, परंतु २०२३ नंतर आपल्या टाकीत जे बदलले त्याविषयी कोणीच बोलले नाही. शेंद्र्याचा_घोडा यांच्या ईसीयूमधील मूळ नकाशा, म्हणजे आकड्यांचा तक्ता, २००५ सालचा आहे, म्हणजे जवळजवळ शुद्ध पेट्रोल गृहीत धरलेला. आज पंपावर मिळते ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, असते.

शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला फक्त ९ किलो लागते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. वीस टक्के मिश्रणाला साधारण १३.५ किलो पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी आठ-नऊ टक्के जास्त इंधन फवारावे लागते. मंद गतीत ऑक्सिजन सेन्सर ही तूट ओळखतो आणि ईसीयू ती भरून काढतो. पूर्ण ॲक्सिलरेटरवर मात्र जुने ईसीयू बऱ्याच अंशी आधीच लिहून ठेवलेल्या आकड्यांवर चालतात. ट्यूनरने ‘१२ ला १’ असे समृद्ध (जास्त इंधनाचे) मिश्रण लिहिले असेल, तर शुद्ध पेट्रोलच्या मापाने ते लॅम्डा (मिळालेली हवा भागिले लागणारी हवा) ०.८२ होते. टाकीत ई२० असेल आणि ईसीयूने काहीच भरपाई केली नाही, तर तेच मिश्रण लॅम्डा ०.८९ वर येते. एवढ्याने उचकी लागणार नाही, परंतु एक्झॉस्टचे तापमान वाढेल, आणि थंड प्लगची चर्चा करायचीच असेल तर ती इथून सुरू झाली पाहिजे.

दुसरी बाजूही न्यायाने सांगतो. इथेनॉल बाष्परूप होताना पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषते, त्यामुळे आत जाणारा हवा-इंधनाचा घास थंड होतो, आणि त्याची ऑक्टेन क्षमताही उंच आहे. साध्या पेट्रोलची किमान मर्यादा ९१ रॉन (ऑक्टेनचे माप) होती, ई२० च्या मानकात ती ९५ आहे. खडखडाटाच्या दृष्टीने टर्बोवाल्यांचे यात थोडे भलेच झाले आहे. फक्त रीमॅप करताना ट्यूनरने कोणत्या इंधनावर नोंदी घेतल्या, हे विचारून घ्या. आणि वीस वर्षांच्या गाडीतील इंधनाच्या रबरी नळ्या एकदा हाताने चाचपून पाहा.

नियमाने_वागा

मी रंगाचा बेरंग करतो आहे याची जाणीव ठेवून लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. योग्य प्रतीचा प्लग बदलणे ही देखभाल आहे. बूस्ट वाढवणे ही देखभाल नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी हा भेद नक्की करील.

टवाळ_टॅपेट

मी पहिल्याच प्रतिसादात विमा कंपनीचे नाव घेतले होते, याची कृपया नोंद घ्यावी.

नोंदवहीवाला

शेंद्र्याचा_घोडा, अंदाजांवर पैसे खर्च करण्यापूर्वी एक संध्याकाळ नोंदी घेण्यात घालवा. या गाडीच्या ईसीयूशी व्हीसीडीएस ही संगणक प्रणाली उत्तम बोलते. जवळच्या कोणाकडे ती केबल असेलच. लॅपटॉप सहप्रवाशाच्या मांडीवर ठेवा, स्वतःच्या नव्हे. मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० पासून ५,५०० पर्यंत एकच सलग खेच घ्या.

त्यात आकडे गटांत दिसतात. गट ११५ मध्ये मागितलेले आणि प्रत्यक्ष मिळालेले बूस्ट दिसते. ते आकडे निरपेक्ष दाबाचे मिलिबार असतात, म्हणजे पुण्याच्या उंचीवर बाहेरचीच हवा साडेनऊशेच्या आसपास असते हे वजा करायला विसरू नका. गट ०२० मध्ये खडखडाट ऐकून ईसीयूने प्रत्येक सिलिंडरचे टायमिंग (ठिणगीची वेळ) किती अंश मागे घेतले ते दिसते. गट ०१५ आणि ०१६ मध्ये सिलिंडरनिहाय मिसफायर, म्हणजे चुकलेली ज्वलने, मोजली जातात. गट ०३२ मध्ये इंधनाची भरपाई दिसते, तीवरून इंधनी_विचार यांच्या मुद्द्याची शहानिशा होईल.

आता निवाडा सोपा आहे. ०२० मधील आकडे सर्व सिलिंडरांत मोठे असतील तर दुखणे उष्णतेचे किंवा इंधनाचे आहे, आणि थंड प्लगचा विचार रास्त आहे. ०२० शांत असेल आणि ०१५ मध्ये एकाच सिलिंडरची गणती वाढत असेल, तर दुखणे ठिणगीचे आहे. मग सात काय, नऊ नंबर लावूनही उपयोग नाही.

जुन्या_बाजारातला

ठिणगी, खडखडाट आणि टर्बो यांचे भांडण आजचे नाही. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल कंपनीने अमेरिकेत जेटफायर नावाची टर्बो गाडी आणली, तिचे कॉम्प्रेशन १०.२५ ला १ होते. खडखडाट रोखण्यासाठी तिला पाणी आणि मेथेनॉल यांच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती आणि तिचे नाव त्यांनी चक्क ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ ठेवले होते. मालक ती टाकी भरायला विसरत, मग गाडी बूस्ट कमी करून कशीबशी चाले. पुढे साब कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी खडखडाट ऐकणारा सेन्सर बसवून बूस्टच कमी-जास्त करण्याची पद्धत आणली. आज तुमच्या ०२० गटात जे अंश दिसतात, ते त्याच घराण्यातले. प्लग मात्र तेव्हाही शेवटीच बदलत आणि शिव्या मात्र पहिल्यांदा त्यालाच बसत.

श्टुटगार्टचा_सदाशिवपेठी

जुन्या_बाजारातला यांनी छान आठवण करून दिली. पण इंधनी_विचार यांच्या तिसऱ्या परिच्छेदावर थोडे थांबू. इथेनॉलमुळे घास थंड होतो हे खरे, तरी तो फायदा थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत अधिक मिळतो. आपल्या १.८ टर्बोत इंधन इनटेक वाल्वच्या मागे फवारले जाते, म्हणजे बरीचशी उष्णता वाल्व आणि भिंतींतून घेतली जाते, हवेतून कमी. तेव्हा त्या थंडाव्यावर भिस्त ठेवून टायमिंग वाढवू नये.

याच कारणाने नव्या गाड्यांतील मंद फेऱ्यांवरच्या अवेळी ज्वलनाची, जिच्यासाठी एपीआय या अमेरिकन संस्थेच्या मानकांतील एसएन प्लस आणि एसपी दर्जाचे ऑइल आले, तिची चिंता या गाडीला फारशी नाही. ते प्रामुख्याने थेट फवाऱ्याच्या छोट्या टर्बो इंजिनांचे दुखणे आहे. नवी एक लिटरची टर्बो गाडी असलेल्यांनी मात्र स्वस्त ऑइल पाहून मोहात पडू नये.

ताईचे_गॅरेज

मी कोल्हापूरला असते आणि गेली सहा वर्षे माझ्या टर्बो गाडीचे काम स्वतः करते. सर्वांनी गॅपवर लिहिले, आवळण्यावर कोणी लिहिले नाही, म्हणून हे दोन शब्द. प्लगची उष्णता त्याच्या आट्यांतून आणि वॉशरमधून हेडमध्ये जाते, हे उष्णतेचा_हिशेब यांनी सांगितलेच आहे. प्लग सैल राहिला तर तो रस्ताच तुटतो, आणि डबीवर सात लिहिलेले असले तरी तो चार-पाचसारखा तापतो. जास्त आवळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि मग हेड काढण्याशिवाय गत्यंतर राहत नाही.

या इंजिनाचे प्लग १४ मि.मी. आट्यांचे असतात. त्यांना ३० न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर नवा वॉशर असलेला प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवावा आणि नंतर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा. बारीक आट्यांच्या प्लगना हे माप लावू नये, १२ मि.मी. च्या प्लगना १५ ते २० न्यूटन मीटरच पुरते. आट्यांना ग्रीस किंवा तांब्याची पेस्ट लावायची सवय असेल तर ती सोडावी. चांगल्या प्लगवर मुलामा असतोच, आणि पेस्टमुळे तोच पाना तेवढ्याच जोरात प्रत्यक्षात जास्त आवळतो.

आणखी एक. बाजारात हुबेहूब नकली इरिडियम प्लग येतात. अर्ध्या किमतीत मिळाला तर तो इरिडियम नाही, असे समजून चालावे. त्यापेक्षा एनजीकेचे साधे निकेलचे बी-के-आर-६-ई किंवा ७-ई घ्यावेत, गॅप ०.७ करावा आणि दर पंधरा हजार किलोमीटरवर बदलावेत. या गाडीवर ट्यूनिंग करणारे जगभर हेच करत आले आहेत. इरिडियमचा वितळणबिंदू २,४०० अंशांच्या पुढे असल्याने तो लवकर झिजत नाही, एवढाच त्याचा मोठा गुण. दर वर्षी प्लग काढून पाहण्याची हौस असणाऱ्याला त्या गुणाचे काय करायचे?

खडूस_कारागीर

ताई, तुम्ही कधी नाशिकला आलात तर चहा माझ्याकडे.

शेंद्र्याचा_घोडा

उशिराबद्दल क्षमस्व. तीन रविवार खर्ची पडले, त्याचा वृत्तांत देतो.

पहिल्या रविवारी प्लग जसेच्या तसे ठेवून नोंदी घेतल्या. गट ११५ मध्ये १,८५० मिलिबार, म्हणजे ०.९ बार बूस्ट, मागितले तेवढेच मिळाले. गट ०२० मध्ये सर्वाधिक तीन अंश, तेही एका सिलिंडरला क्षणभर. गट ०१५ मध्ये तिसऱ्या सिलिंडरची गणती एका खेचीत चाळीसच्या वर गेली, पहिल्या-दुसऱ्याची पाच-सात, आणि ०१६ मध्ये चौथ्याचीही तितकीच. गट ०३२ मध्ये साडेसात टक्के भरपाई दिसली, म्हणजे इंधनी_विचार यांचे गणित अगदी घरात शिरून खरे ठरले.

दुसऱ्या रविवारी ताईंच्या सल्ल्याने निकेलचे सहा नंबरचे प्लग आणले, ०.७ गॅप केला आणि टॉर्क पाना उसना आणून ३० वर आवळले. पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर शून्यावर आले. तिसऱ्याची गणती चाळीसवरून बारावर आली, पण संपली नाही. तेव्हा पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली. पुढच्या खेचीत तिसरा शून्य आणि पहिला अकरा! म्हणजे दोष कॉइलबरोबर प्रवास करत होता. ती कॉइल उन्हात नेऊन पाहिली तर तिच्या रबरी नळीच्या आत पेन्सिलने ओढावी तशी एक काळपट रेघ दिसली. वीज तिथूनच पळत होती. वाढलेल्या गॅपने त्या म्हाताऱ्या रबराला वाट दाखवली असावी.

तिसऱ्या रविवारी नवी कॉइल लावली. खंबाटकीत चार वेळा पूर्ण दाबली, एकही उचकी नाही.

मग राहवले नाही म्हणून सात नंबरचेही प्लग आणले आणि एक आठवडा हिंजवडीला रोज तेच चालवले. घरापासून कार्यालय सहा किलोमीटर, त्यातील निम्मा वेळ पहिल्या गिअरमध्ये. शुक्रवारी काढले तर चारही टोकांवर कोरडी काजळी होती आणि सकाळी सुरू होताना गाडी दोन-तीन सेकंद कुरकुरत होती. तेच प्लग लावून शनिवारी साताऱ्याला जाऊन आलो, तर टोके पुन्हा स्वच्छ. ०२० मधील आकड्यांत सहा आणि सात यांत मला फरक दिसला नाही. सध्या गाडीत सहा नंबर आहेत. सात नंबरचे चार प्लग डबीत घालून कपाटात ठेवले आहेत. ट्यूनरांना नोंदी दाखवल्या. त्यांनी पूर्ण भारावरचे इंधन ई२० च्या हिशेबाने वाढवून दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, हेही नमूद करायला हवे.

उष्णतेचा_हिशेब

साडेसात टक्के भरपाई असतानाही ०२० मध्ये केवळ तीन अंश, हे पाहून बरे वाटले. इंधन वाढवल्यानंतरच्या नोंदी टाकाल का? माझा अंदाज आहे की ते तीन अंशही जातील.

श्टुटगार्टचा_सदाशिवपेठी

अभिनंदन. तरी माझी हरकत अजून मागे घेत नाही. या सर्व नोंदी कोणत्या हवेत घेतल्या? डिसेंबरातल्या खंबाटकीत इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) फुकटची ऐट मिरवतो. हीच गाडी बाहेर ४५ अंश असताना महामार्गावर तासभर ताणून चालवा, लगेच एक खेच घ्या, आणि तेव्हाही ०२० शांत असेल आणि सहा नंबरचे टोक तपकिरीच असेल, तर मी सात नंबरची बाजू सोडतो.

शेंद्र्याचा_घोडा

नोंदी डिसेंबरातल्याच आहेत, बाहेर २६ अंश होते. सासुरवाडी नागपूरची आहे आणि मे महिन्यात जाणे टळत नाही. केबल बरोबर नेतो, कपाटातली डबीही नेतो. लॅपटॉप सौभाग्यवतींच्या मांडीवर असेल, तेवढी परवानगी मिळाली की आकडे इथेच टाकीन.